पिनचा क्रमांक, पेढीची पत
सदर : नवी विद्या, जुनी पेढी

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीचे नाव तपकिरीचे, पण माल विजेचा. तारा, दिवे, पंखे, स्पीकर यांच्या गर्दीत काही दुकाने अशी आहेत, की तेथे गिऱ्हाईक हातात एक चिठ्ठी घेऊन येते आणि पाच-दहा रुपयांच्या वस्तूसाठी ताटकळत उभे राहते. मागच्या भिंतीवर लहान लहान खणांची रांग असते. एका खणात रेझिस्टर, दुसऱ्यात कपॅसिटर, तिसऱ्यात ट्रान्झिस्टर, चौथ्यात काळ्या रंगाच्या, अनेक पायांच्या आयसी. चिठ्ठीवरील क्रमांक वाचून दुकानदार नेमका खण ओढतो. ही विद्या कोणत्याही महाविद्यालयात शिकवली जात नाही. ती गल्ल्यावर बसून, वडिलांचे आणि काकांचे ऐकून येते.

अशा पेढीवरील पुढची पिढी आज अभियांत्रिकी शिकते आहे. मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरापर्यंत संगणकावर रेघा ओढताना दिसते. पडद्यावर चौकोन असतात, चौकोनातून बारीक दांड्या बाहेर आलेल्या असतात, दांड्यांवर आकडे असतात. वडिलांना वाटते, हे आपल्या धंद्यापासून दूरचे काही आहे. मुलांनाही पुष्कळदा तसेच वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. खणातील वस्तूचा पाय आणि पडद्यावरील दांडी ही एकच गोष्ट आहे. तिला दोन्हीकडे ‘पिन’ म्हणतात. त्या पिनची नोंद चुकली, तर दुकान आणि संगणक दोघांचेही हिशेब एकाच वेळी चुकतात.

नाम, स्थापना, द्रव्य, भाव

जैन तत्त्वविचारात वस्तूकडे पाहण्याचे चार निक्षेप सांगितले आहेत : नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात त्यांचा उल्लेख येतो. पाठशाळेत दिले जाणारे उदाहरण इंद्राचे. कोणा मुलाचे नाव इंद्र ठेवले, तो नाम-इंद्र. मूर्तीत किंवा चित्रात इंद्राची कल्पना केली, तो स्थापना-इंद्र. पुढे इंद्रपद पावणारा जीव, तो द्रव्य-इंद्र. प्रत्यक्ष इंद्रपदाचा उपभोग घेत असलेला, तो भाव-इंद्र. शब्द एकच, पण बोलणाऱ्याच्या मनात यांपैकी कोणता अर्थ आहे हे ठरल्याशिवाय चर्चा पुढे सरकत नाही.

विद्युत्-मंडलाची आखणी करणाऱ्या संगणक-प्रणालीत हेच चार पदर समोर येतात. ‘टायमर ५५५’ हे नाम. पडद्यावर काढलेला आठ दांड्यांचा चौकोन ही स्थापना. खणात पडून असलेली आठ पायांची काळी आयसी हे द्रव्य. तिच्यात काम करण्याची शक्ती आहे, पण अजून वीज नाही. बोर्डावर बसून, वीज मिळून, दिवा लुकलुकवू लागलेली आयसी हा भाव. आखणी करणारा स्थापना हाताळत असतो आणि गिऱ्हाईक भावाचे पैसे देते. या दोहोंमधील सांधा म्हणजे पिनची नोंद.

ही नोंद कशी असते, ते ५५५ वरूनच पाहता येईल. हान्स कामेनझिंड या अभियंत्याने १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी ही आयसी आखली आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. अर्धे शतक उलटले तरी ती आजही खणाखणांत आहे. तिची पहिली पिन जमिनीची, म्हणजे ग्राउंड, दुसरी ट्रिगर, तिसरी आउटपुट, चौथी रिसेट, पाचवी नियंत्रणाची, सहावी थ्रेशोल्ड, सातवी डिस्चार्ज, आठवी वीजपुरवठ्याची. प्रणालीत हे चिन्ह नव्याने तयार करताना प्रत्येक पिनसाठी तिचे नाव, तिचा क्रमांक, तिचा विद्युत्-प्रकार आणि चौकोनाच्या कोणत्या बाजूला ती काढायची, एवढे सांगावे लागते. पिनची तार जोडायची जागा ही दांडीचे बाहेरचे टोक असते. दांडी उलटी काढली, तर ते टोक चौकोनाच्या आत जाते आणि बाहेरून आणलेली तार दिसायला भिडलेली, पण प्रत्यक्षात तुटलेली राहते.

नावापेक्षा क्रमांक बलवान

येथे पहिला धोका आहे. आखणी झाली की प्रणाली चिन्हाची सांगड बोर्डावरील तांब्याच्या ठिपक्यांशी घालते. ती सांगड नावावरून होत नाही, क्रमांकावरून होते. चिन्हातील तिसरी पिन बोर्डावरील तिसऱ्या ठिपक्याला जाते. तिच्यावर ‘आउटपुट’ लिहिले आहे की ‘रिसेट’, याची त्या सांगडीला पर्वा नसते. बँकेतून पैसे पाठवताना रक्कम खाते क्रमांकावर जमा होते; नाव शंभर टक्के बरोबर लिहिले आणि क्रमांकातील एक आकडा चुकला, तर पैसे दुसऱ्याच्या घरी जातात. हे प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. पिनचेही तसेच. माणूस नाव वाचतो, यंत्र क्रमांक पाळते. म्हणूनच चुकीच्या क्रमांकाची आकृती कागदावर अगदी निर्दोष दिसते आणि तयार झालेला बोर्ड मात्र मुका राहतो.

क्रमांक मोजण्याची रीतही लक्षात ठेवण्याजोगी आहे. दोन ओळींत पाय असलेली आयसी समोर ठेवली आणि तिची खाच वरच्या बाजूला धरली, की डावीकडील सर्वांत वरचा पाय पहिला. तेथून डावी बाजू उतरत खाली यायचे आणि उजवी बाजू चढत वर जायचे. देवळातील प्रदक्षिणेच्या उलट दिशेने ही मोजणी होते. पण बोर्ड पालथा करून सोल्डरच्या बाजूने पाहिले, की तीच मोजणी प्रदक्षिणेच्या दिशेची होते. आरशातल्यासारखी ही अदलाबदल नवशिक्याला हमखास फसवते.

त्यातही एकच आयसी दोन वेगवेगळ्या शरीरांत येते, तेव्हा क्रमांक बदलतात. आर्डुइनो बोर्डामुळे विद्यार्थ्यांच्या ओळखीची झालेली एटीमेगा ३२८पी ही आयसी पाहावी. अठ्ठावीस पायांच्या शरीरात तिची रिसेट पिन पहिली आहे. बत्तीस पायांच्या चपट्या शरीरात तीच रिसेट पिन एकोणतिसावी आहे. आत्मा एक, देह वेगळा, म्हणून पत्ता वेगळा. ‘आयसी तीच आहे’ एवढ्यावर विसंबून जुने चिन्ह नव्या शरीराला जोडणाऱ्याला ही गोष्ट बोर्ड तयार होऊन आल्यावर समजते.

शिवाय एकाच पिनची कामेही अनेक असतात. याच आयसीच्या अठ्ठावीस पायांच्या शरीरातील सत्ताविसावी पिन साधी चालू-बंद पिन म्हणून वापरता येते, बदलता व्होल्टेज मोजण्यासाठी वापरता येते आणि दुसऱ्या आयसीशी बोलण्यासाठीही वापरता येते. ती नक्की काय आहे, असे विचारले तर उत्तर ‘कोणत्या अपेक्षेने’ या प्रतिप्रश्नाने सुरू करावे लागते. स्याद्वादाची सवय असलेल्या घराला हे उत्तर नवे वाटू नये. पण व्यवहारात कोणती अपेक्षा धरली, हे आकृतीवर लिहून ठेवावे लागते. कीकॅड या प्रणालीत डिसेंबर २०२१ पासून पिनच्या पर्यायी कामांची अशी नोंद करता येते आणि त्या विशिष्ट आकृतीत कोणते काम निवडले, ते दाखवता येते.

जमा, नावे आणि तेरीज

कीकॅडची सुरुवात १९९२ मध्ये फ्रान्समधील ज्याँ-पिएर शारास यांनी केली. पुढे जिनिव्हाजवळील सर्न या अणुसंशोधन संस्थेनेही तिच्या विकासाला हातभार लावला. ती विनामूल्य आहे. मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पाने कीकॅड आणि मंडलाचे गणित करणारी एनजी-स्पाइस यांची सांगड घालून ‘ई-सिम’ नावाची प्रणाली तयार केली आहे. मोबाईलमधील सिमकार्डाशी तिचा काही संबंध नाही. तीही विनामूल्य आहे.

कीकॅडमध्ये पिनचे बारा विद्युत्-प्रकार आहेत. त्यांतील मुख्य प्रकार व्यापारी मनाला लवकर उमगतात. इनपुट म्हणजे घेणारी पिन, आउटपुट म्हणजे देणारी. दुतर्फा म्हणजे वेळेनुसार दोन्ही करणारी. विजेची घेणारी आणि विजेची देणारी हे दोन स्वतंत्र प्रकार आहेत, कारण संदेश देणे वेगळे आणि पोट भरणे वेगळे. पॅसिव्ह म्हणजे स्वतः काही न ठरवणारी, रेझिस्टरच्या टोकासारखी. ओपन कलेक्टर ही पिन फक्त खाली ओढू शकते, वर ढकलू शकत नाही. आगगाडीतील साखळीसारखे तिचे वागणे असते : डब्यातील कोणीही साखळी ओढली तरी गाडी थांबते, पण साखळी ओढून गाडी सुरू करता येत नाही. म्हणून अशा अनेक पिना एका तारेवर सुखाने नांदतात आणि तार वर धरून ठेवण्याचे काम एक वेगळा रेझिस्टर करतो. ५५५ ची सातवी पिन स्वभावाने अशीच आहे. शेवटचा एक प्रकार मुद्दाम रिकाम्या ठेवायच्या पिनचा.

हे प्रकार नोंदवण्याचे कारण तपासणी. आखणी पूर्ण झाली की प्रणाली विद्युत्-नियमांची पडताळणी करते. दोन देणाऱ्या पिना एकमेकींना थेट जोडल्या असतील, तर ती लाल खूण करते. कारण एक ‘हो’ म्हणत असताना दुसरी ‘नाही’ म्हणाली, की दोघींमधून भलताच प्रवाह वाहतो. एकाच मुनीमजींना दोन भावांनी उलट हुकूम द्यावेत, तसा तो प्रकार. विजेच्या घेणाऱ्या पिना आहेत आणि देणारी एकही नाही, असे दिसले तरी ती तक्रार करते. एखादी इनपुट कशालाच जोडली नसेल, तरीही सांगते. पिन खरोखरच मोकळी ठेवायची असेल, तर तिच्यावर फुलीची खूण करावी लागते. विसरणे आणि जाणून मौन पाळणे यांत फरक आहे, आणि यंत्राला तो सांगितल्याशिवाय कळत नाही.

ज्यांनी कीर्द-खतावणी पाहिली आहे, त्यांना ही पडताळणी म्हणजे तेरीज आहे हे लगेच कळेल. जमेची बाजू आणि नावेची बाजू जुळते की नाही, हे ती पाहते. पण तेरजेची मर्यादाही जुन्या मुनीमांना ठाऊक असे. रमणलालच्या खात्यावर टाकायची रक्कम मगनलालच्या खात्यावर पडली, तरी तेरीज जुळते. त्याचप्रमाणे पिनचा क्रमांक चुकला आणि प्रकार बरोबर असला, तर पडताळणीत एकही लाल खूण येत नाही. तेरीज जुळली म्हणजे कीर्द खरी ठरत नाही. आणि तपासणी निर्वेध पार पडली म्हणजे आखणी बरोबर ठरत नाही.

याहून वाईट एक सवय आहे. लाल खुणा फार येऊ लागल्या, की काही जण सरळ सगळ्या पिनांचा प्रकार ‘पॅसिव्ह’ करून टाकतात. पॅसिव्ह पिन कोणाशीही भांडत नाही. खुणा नाहीशा होतात आणि पडदा स्वच्छ दिसतो. हिशेबातील न जुळणारा फरक उचंत खात्यात टाकून वर्ष बंद करण्याचाच हा प्रकार. फरक मिटलेला नसतो, फक्त दिसेनासा झालेला असतो. दुसरी वाट ‘पॉवर फ्लॅग’ या खुणेची. बोर्डाला वीज बाहेरच्या कनेक्टरमधून येते. कनेक्टरच्या पिना पॅसिव्ह असतात, म्हणून प्रणालीला देणारा कोणी दिसत नाही. तेव्हा ‘येथे वीज बाहेरून येते’ असे सांगणारी ही खूण त्या तारेवर लावायची असते. भांडवल बाहेरून आले, अशी नोंद करावी तशी ती रास्त आहे. पण प्रत्येक तक्रारीवर ती चिकटवत गेले, तर खरोखरच उपाशी राहिलेली आयसीसुद्धा कागदावर तृप्त दिसते.

लपवलेल्या पिनांची गोष्टही अशीच. ७४०० ही चार गेटांची जुनी आयसी. तिची चौदावी पिन विजेची आणि सातवी जमिनीची. आकृती सुटसुटीत दिसावी म्हणून पूर्वी या दोन पिना चिन्हात लपवत आणि त्या आपल्याच नावाच्या तारेला आपोआप जोडल्या जात. सर्व बोर्डावर एकच व्होल्टेज होते, तोवर हे चालून गेले. एका बोर्डावर ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट असे दोन पुरवठे आले, तेव्हा लपलेली पिन भलत्याच पुरवठ्याला चिकटू लागली आणि आकृतीवर ते कोठेही दिसेना. आता कीकॅडच्या लायब्ररीत अशा आयसीच्या वीज-पिना वेगळ्या भागात उघडपणे दाखवल्या जातात. जे खाते वहीत दिसत नाही, त्याचा मेळ कोणी घालू शकत नाही.

ई-सिमसारख्या प्रणालीत आणखी एक मेळ घालावा लागतो. स्पाइस हे मंडलाचे गणित करणारे तंत्र १९७३ मध्ये अमेरिकेतील बर्कली विद्यापीठातून पुढे आले. त्याच्या रीतीप्रमाणे डायोडचे पहिले टोक अॅनोड आणि दुसरे कॅथोड. कीकॅडच्या चिन्हात मात्र डायोडची पहिली पिन कॅथोड आणि दुसरी अॅनोड. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत. पण कोणती पिन कोणत्या टोकाला जाते हे सांगितले नाही, तर गणितात डायोड उलटा बसतो आणि उत्तर चुकते. दोन पेढ्यांच्या वहीत एकाची जमा ती दुसऱ्याची नावे असते. मेळ घालताना बाजू बदलावी लागते, हेच तेथे करायचे असते.

सारखे दिसणारे पाय

आता खणाकडे वळावे, कारण सर्वांत महाग चूक तेथे होते. ७८०५ आणि ७९०५ हे दोन रेग्युलेटर शेजारी ठेवले तर वरचा आकडा वाचल्याशिवाय ओळखू येत नाहीत. दोहोंना तीन पाय, दोहोंना पाठीवर धातूचा पत्रा. पहिला अधिक ५ व्होल्ट देतो, दुसरा उणे ५ व्होल्ट. ७८०५ चे पाय अनुक्रमे इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९०५ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. तसाच दिसणारा एलएम ३१७ घेतला तर क्रम पुन्हा वेगळा : समायोजन, आउटपुट, इनपुट. इतकेच नव्हे, तर ७८०५ च्या पाठीचा पत्रा ग्राउंडला जोडलेला असतो आणि ७९०५ चा इनपुटला. दोघांना एकाच उघड्या धातूच्या पट्टीवर आवळले, तर पायांची जोडणी बरोबर असूनही पुरवठा थेट जमिनीला भिडतो.

ट्रान्झिस्टरमध्ये घोळ आणखी सूक्ष्म आहे. बीसी ५४७ ची सपाट बाजू समोर धरून पाय खाली ठेवले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. २एन ३९०४ त्याच आकाराचा, बऱ्याच साध्या मंडलांत तेच काम करणारा. पण त्याचा क्रम एमिटर, बेस, कलेक्टर. पीएन २२२२ए चा क्रम एमिटरपासून सुरू होतो आणि पी२एन २२२२ए चा कलेक्टरपासून. मध्ये एक आकडा वाढला आणि पाय उलटे झाले.

समजा, एका लहान कारखान्याने बॅटरी चार्जरच्या १०० बोर्डांसाठी बीसी ५४७ मागवले. दुकानात ते संपलेले होते. दुकानदाराने सद्भावनेने सांगितले, ‘हा घ्या, चालतो.’ २एन ३९०४ गेले. बोर्ड बीसी ५४७ च्या क्रमाने आखलेला, म्हणून प्रत्येक ट्रान्झिस्टरचा कलेक्टर आणि एमिटर उलटे बसले. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर पूर्ण मरत नाही. तो फार अशक्तपणे काम करतो. त्यामुळे काही बोर्ड टेबलावर चालतात आणि गिऱ्हाइकाकडे गेल्यावर दगा देतात. पुढे अशा जोडणीत बेस आणि एमिटर यांच्यावर उलटा ताण येतो. पाच-सहा व्होल्टच्या पुढे तो जोड टिकत नाही. दोष शोधायला आठवडा जातो. कारखानदार आखणाऱ्या मुलाला दोष देतो, मुलगा आकृती दाखवतो, आकृती बरोबर असते. शेवटी कोणीतरी ट्रान्झिस्टरवरील बारीक अक्षरे भिंगातून वाचतो.

येथे नुकसान कोणाचे, हा प्रश्न केवळ बिलाचा नाही. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने खोटी मापे आणि प्रतिरूपक व्यवहार यांचा समावेश केला आहे. प्रतिरूपक व्यवहार म्हणजे एका मालाच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा दुसरा माल खपवणे. वरील उदाहरणात दुकानदाराचा हेतू फसवण्याचा नव्हता. त्याने पर्याय तोंडी सांगितलाही. पण ‘पायांचा क्रम उलटा आहे’ हे न सांगितलेले अर्धे वाक्य शंभर बोर्डांना भोवले. हेतू शुद्ध असला तरी माहिती अपुरी राहिली, तर गिऱ्हाइकाच्या दृष्टीने माल प्रतिरूपकच ठरतो. पर्याय देणे हा व्यापाराचा धर्म आहे. पर्याय आहे हे बिलावर लिहिणे आणि फरक सांगणे हा त्याच धर्माचा दुसरा अर्धा भाग आहे.

वाया गेलेल्या बोर्डांचा आणखी एक हिशेब असतो. तांबे, फायबर, कथील आणि कित्येक माणसांचे तास हे कोणाच्याही उपयोगी न पडता कचऱ्यात जातात. निरर्थक हानी टाळण्याला श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती असे स्वतंत्र स्थान आहे. केंद्र सरकारचे २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांचा रोख मुख्यतः वापरून झालेल्या वस्तूंच्या विल्हेवाटीकडे आहे. वापरात येण्यापूर्वीच कचरा झालेल्या वस्तूला मात्र आखणीच्या टेबलावरच अटकाव करता येतो.

जेथे दुरुस्ती नाही

काही ठिकाणी चूक सुधारायची संधीच मिळत नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, म्हणजे १८५४ पासून चालत आलेल्या सीओईपीच्या, विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ हा लहान उपग्रह तयार केला. सुमारे एक किलो वजनाचा, प्रत्येक बाजूने सुमारे दहा सेंटीमीटरचा तो घनाकृती ठोकळा. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सी-३४ या प्रक्षेपकाने वीस उपग्रह नेले, त्यांत तो होता. मागील तुकडी पदवी घेऊन बाहेर पडे आणि पुढची तुकडी तेच काम हाती घेई, अशा रीतीने तो पूर्ण झाला. अशा कामात आकृतीवरील नोंद हीच मागच्या तुकडीची जबानी असते. प्रक्षेपक सुटल्यानंतर सोल्डरची कांब घेऊन कोणालाही वर जाता येत नाही.

दुसरे उदाहरण जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना तेथे सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत आणि प्रत्येकीवर संदेश ग्रहण करणारी यंत्रणा आहे. एका नमुन्याचे मंडल अशा ठिकाणी तीस वेळा बसते. एका पिनची चूक एकदाच झालेली असली, तरी तिचा गुणाकार तीस होतो. शंभर बोर्ड मागवणाऱ्या लहान कारखान्याचे गणितही वेगळे नाही.

घरात आणि दुकानात काय करावे

या सर्वावर उपाय महाग नाहीत, शिस्तीचे आहेत. पहिला : चिन्ह तयार करताना उत्पादकाची मूळ डेटाशीट समोर असावी, आणि नेमक्या त्याच शरीराचे पान उघडलेले असावे. इंटरनेटवरून आयते मिळालेले चिन्ह म्हणजे न पाहता उचललेला माल. तो वाईटच असेल असे नाही, पण पारखल्याशिवाय खणात ठेवू नये.

दुसरा : पिनांचे कोष्टक आधी कागदावर करावे. क्रमांक, नाव, प्रकार अशा तीन ओळी. मग ते प्रणालीत भरावे आणि दुसऱ्या माणसाने डेटाशीटवरून मोठ्याने वाचावे, पहिल्याने पडद्यावर टिंब करत जावे. कीर्द एकाने वाचायची आणि खतावणी दुसऱ्याने ताडायची, ही पेढीवरची जुनी पद्धत येथे जशीच्या तशी उपयोगी पडते. वाचणारा अभियंता असण्याची गरज नाही. आजोबाही वाचू शकतात, आजीही. आठ पायांच्या आयसीला दोन मिनिटे लागतात.

तिसरा : बोर्डाची आकृती खऱ्या मापात कागदावर छापावी आणि प्रत्यक्ष भाग तिच्यावर ठेवून पाहावा. पाय ठिपक्यांवर बसतात का, पहिला पाय पहिल्या ठिपक्यावर येतो का, हे डोळ्यांना दिसते. वस्तू उचलताना आणि ठेवताना जागरूक राहण्याला आदान-निक्षेपण समिती म्हणतात. साधूंसाठी सांगितलेली ती सावधानता या टेबलावर गृहस्थालाही शोभते. चौथा : पहिल्या वेळी शंभर नव्हे, दोन-चारच बोर्ड करवून घ्यावेत.

दुकानाच्या बाजूनेही तीन गोष्टी सहज करता येतील. तीन पायांच्या प्रत्येक मालाच्या खणावर पायांच्या क्रमाचे लहान चित्र चिकटवावे. बिलावर मालाचा पूर्ण क्रमांक शेवटच्या अक्षरासह लिहावा. पर्यायी माल दिला असेल, तर ‘पर्यायी, पायांचा क्रम तपासावा’ असे शब्द त्याच बिलावर यावेत. हे काम घरातल्या शिकणाऱ्या मुलांकडे सोपवले, तर त्यांना डेटाशीट वाचण्याचा सराव होईल आणि दुकानाला असा बाजार मिळेल, की जेथे गिऱ्हाईक केवळ भाव विचारत नाही, सल्लाही विचारते.

ज्यांना प्रत्यक्ष शिकायचे आहे त्यांनी कीकॅड किंवा ई-सिम संगणकावर उतरवून घ्यावी; दोहोंनाही पैसे पडत नाहीत. आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरिअल’ हे ध्वनिचित्र-पाठ अशा मुक्त प्रणालींसाठीच आहेत आणि ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार होत असतात. सुरुवात ५५५ च्या आठ पिनांपासून करावी. तिचे चिन्ह लायब्ररीत आयते असते, तरीही एकदा स्वतः तयार करावे. खणातील खरी आयसी शेजारी ठेवून, वडिलांना पाय मोजायला सांगून, आठही नोंदी भराव्यात.

मुलांना खणाची ओळख नाही आणि वडिलांना पडद्याची नाही, असे दोन अर्धे भाग आज पुष्कळ घरांत आहेत. कोणते ट्रान्झिस्टर उलट्या पायांचे, कोणता माल बनावट येतो, कोणत्या अक्षराने काय बदलते, हे गल्ल्यावरील माणसाला वर्षानुवर्षांच्या परतीच्या मालाने शिकवलेले असते. ते कोठेही लिहिलेले नसते. संगणकाला मात्र जेवढे लिहिले तेवढेच कळते. हे ज्ञान वडिलांच्या बोलण्यातून मुलांच्या कोष्टकात उतरले, तर धंदा विकण्यापुरता न राहता घडवण्यापर्यंत जाईल. पेढीची पत पूर्वी ज्या गोष्टीवर उभी होती, आखणीची पतही त्याच गोष्टीवर उभी राहते : जे लिहिले, तेच दिले.